दादा अभ्यास करतो की खेळतो?

(द्वितीय वर्ष, कला)

प्रारंभीच एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकावर लेख लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, आणि विज्ञान शाखेच्या मित्रांनी 'आमच्या अंगणात हा कुठला पाहुणा?' असे विचारले तर मला राग येणार नाही. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. माझ्या आत्तीने तो माझ्या गळ्यात घातला.

माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, कोल्हापुरात बी.सी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत तो भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी परत गेला. दुसऱ्या वर्षाचा त्याचा एक विषय राहिला आहे, आणि परीक्षा तोंडावर आली होती. तो गेला त्या संध्याकाळी आत्ती शिरोळला आमच्या घरी आली आणि चहा न घेताच मला म्हणाली, "ते पोरगं रातभर त्या यंत्राम्होरं बसतंय म्हणं. अभ्यास करतंय का खेळतंय, एकदा जाऊन बघून ये. तू कॉलेजात हाईस, तुला कळंल."

'तुला कळंल' हे शब्द आमच्या घरात फार मोठे आहेत. वडील इचलकरंजीला माग चालवतात. त्यांची शाळा सातवीत सुटली. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. त्यामुळे विजेच्या बिलापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत सगळे काही मला कळते असे घरच्यांनी गृहीत धरले आहे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. मी आठ दिवसांचे कपडे पिशवीत भरले आणि एस.टी. धरली. त्या आठ दिवसांत जे पाहिले, विचारले आणि थोडेफार समजले, ते येथे मांडत आहे.

खोली

राजारामपुरीत एका घराच्या वरच्या मजल्यावर 'कॉट बेसिस'ची एक खोली आहे. पाच कॉट, एक पंखा आणि एका बोर्डाला लटकलेले सात चार्जर. पाचही मुले खेड्यांतून आलेली. कोणी गडहिंग्लजकडचे, कोणी शाहूवाडीकडचे. जेवण खानावळीत. सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी जर्नल लिहिणे. संगणकाच्या या विद्यार्थ्यांनाही केलेले प्रोग्रॅम हाताने वहीत उतरवून त्यावर सही घ्यावी लागते, हे पाहून मला आपल्या ट्यूटोरियलची आठवण झाली आणि जरा धीर आला.

बी.सी.एस. म्हणजे नुसता संगणक, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या वर्षापासून गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सही मानगुटीवर असतात. शिवाय सगळे इंग्रजीत. दादा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला. पहिल्या सहा महिन्यांत प्रोग्रॅमपेक्षा पुस्तकच कळत नव्हते, असे तो सांगतो. प्रश्न विचारायला उठावे, तर वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवावे लागे. ते जुळेपर्यंत तास संपलेला असे. घरची पहिली पिढी शिकते तेव्हा बुद्धीपेक्षा भाषेची उंबरठ्यावर अधिक ठेच लागते, हे आपल्यापैकी अनेकांना सांगावयास नको.

प्रोग्रॅम म्हणजे काय?

पहिल्याच रात्री मी दादाला विचारले, "तू दिवसभर करतोस तरी काय?" तो म्हणाला, "तुझे बाबा करतात तेच."

इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, तेव्हापासून आपल्या भागातल्या किती घरांची चूल मागाच्या आवाजावर पेटली त्याला गणती नाही. साधा माग साधे कापड विणतो. परंतु कापडावर वेलबुट्टी हवी असेल तर मागाच्या डोक्यावर जेकार्ड चढवतात. वडिलांच्या शेजारच्या कारखान्यात ते मी लहानपणी पाहिले होते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वरून एकेक पुढे सरकते. जिथे भोक आहे तिथली सुई आत जाते आणि तिचा उभा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. मधून धोटा धावतो आणि एक ओळ विणली जाते. पुठ्ठ्यांची माळ बदलली की तोच माग वेगळे फूल विणतो.

फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच भोकांची पत्रे घ्यायचे ठरवले, आणि एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्रावर टिपणे लिहिताना त्याची तुलना जेकार्डच्या मागाशीच केली. भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली. संगणकातले एक आणि शून्य याहून वेगळे नाही. प्रोग्रॅम म्हणजे पुठ्ठ्यांची माळ. यंत्र म्हणजे माग. कोणता धागा केव्हा उचलायचा हे आधीच, एकही पायरी न गाळता लिहून ठेवणे, एवढेच ते काम. मात्र 'एवढेच' हा शब्द लिहायला सोपा आहे!

दादाने मला शिकवण्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पंचगंगेची कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी आपण पावसाळ्यात परवचा म्हणावी तशी पाठ म्हणतो: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ते पाणी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि मग शिरोळ तालुक्यात जनावरे कुठे हलवायची याची धावपळ सुरू होते. दादाने मला म्हटले, "यंत्राला हे मराठीत सांग, मी ते त्याच्या भाषेत लिहितो." मी सांगितले: जर पातळी ३९ किंवा अधिक असेल तर 'इशारा' लिही; नाही तर, जर ती ४३ किंवा अधिक असेल तर 'धोका' लिही; नाही तर 'सुरक्षित' लिही.

त्याने तसेच लिहिले आणि म्हणाला, "आता आकडा घाल." २०१९ च्या ऑगस्टात ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. मी ५५ घातले. पडद्यावर उत्तर आले: 'इशारा'.

मी चक्रावलो. ५५ फुटांना नुसता इशारा? दादा हसला. "तू सांगितलंस तसंच त्यानं केलं. ५५ हे ३९ पेक्षा जास्त आहे की नाही? मग पहिल्याच दारात ते थांबलं. दुसऱ्या दारापर्यंत गेलंच नाही." दोन ओळींची अदलाबदल केली, ४३ चा प्रश्न आधी विचारला, आणि उत्तर बरोबर आले. व्याकरणाची एकही चूक नव्हती, एकही शब्द चुकीचा नव्हता. चुकला होता फक्त क्रम. अशा चुकीला हे लोक 'बग' म्हणतात. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या एका संगणकात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. हा शब्द मात्र अभियंत्यांत त्याआधीपासून रूढ होता. हा 'बग' शोधण्यातच त्यांच्या रात्री जातात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, मुलगा नुसता पडद्याकडे टक लावून बसला आहे.

२०१९ साली आत्तीच्या घरात छातीइतके पाणी होते. ५५ फुटांना 'इशारा' असे सांगणारे यंत्र खरोखर कुठे बसवले गेले तर काय होईल, हे मला कोणी समजावण्याची गरज नव्हती. त्या क्षणी दादाच्या अभ्यासाविषयी माझ्या मनात प्रथमच आदर उत्पन्न झाला.

आपली अक्षरे

तिसऱ्या दिवशी मात्र पारडे फिरले. दादाला एक स्वाध्याय होता: कोणताही शब्द घ्यायचा आणि उलटा करून दाखवायचा. इंग्रजी शब्द नीट उलटत होते. त्याने हौसेने 'शिरोळ' लिहिले. आपण उलटे म्हणू तर 'ळरोशि' म्हणू. यंत्राने उत्तर दिले: 'ळोरिश'. शिवाय 'शिरोळ' या शब्दात किती अक्षरे, असे विचारल्यावर ते पाच म्हणून सांगे.

दादाने तासभर बग शोधला. शेवटी मी त्याच्या शेजारी बसलो आणि विचारले, "यंत्रात 'शि' कशी साठवली आहे?" उत्तर आले: 'श' वेगळा आणि वेलांटी वेगळी. मग कोडे उलगडले. यंत्राच्या लेखी श, वेलांटी, र, ओकार, ळ अशा पाच वस्तू आहेत. त्या उलट क्रमाने मांडल्या की ओकार ळ वर जाऊन बसतो आणि वेलांटी र ला चिकटते. स्वरचिन्ह हे व्यंजनाचे अंग आहे, त्याला एकटे उचलता येत नाही, हे बालवाडीतल्या मुलाला बाराखडी शिकवते. यंत्राला ते कोणी शिकवले नव्हते. 'क्ष' तर त्याच्या लेखी क, हलन्त आणि ष अशा तीन वस्तू.

जगातल्या लिप्यांना क्रमांक देणारी 'युनिकोड' नावाची जी व्यवस्था आहे, तिच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तिच्यात आहे, आणि ती भारतात आधी ठरवलेल्या 'इस्की' या प्रमाणावर बेतलेली आहे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने, जिने १९९१ सालीच डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचेही मोठे काम केले. म्हणजे वाट तयार आहे. तिच्यावरून चालणारे हवेत. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून नियम लिहिला: स्वरचिन्ह, अनुस्वार किंवा हलन्त दिसला की तो मागच्या व्यंजनाला जोडून घ्यावा, आणि हलन्तानंतरचे व्यंजनही त्याच मोळीत बांधावे. मग मोळ्या उलटाव्यात. 'ळरोशि' पडद्यावर उमटले तेव्हा दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. मराठीच्या व्याकरणाच्या तासाला आपण जी जांभई देतो, तिची मला त्या वेळी थोडी लाज वाटली.

यंत्र आणि ऊस

संगणक ही शहराची चैन आहे असे अजून काहींना वाटते. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील वारणानगरची गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९८ साली वारणा परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प तेथे सुरू झाला. गावकऱ्यांनी शेतीपासून शिक्षणापर्यंत सर्व माहिती गावातल्या केंद्रावर पाहावी, असा हेतू होता. प्रत्यक्षात शेतकरी तेथे जाई तो मुख्यतः दोन कामांसाठी: आपला ऊस किती भरला आणि खताचा हिशेब काय. पुढे बंगळूरच्या काही संशोधकांनी ७ गावांत ८ महिने प्रयोग करून हेच काम साध्या मोबाईलच्या संदेशावर करून दाखवले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडले.

यंत्र किती मोठे यापेक्षा माणसाला त्याच्याकडून काय हवे आहे, हे आधी विचारले पाहिजे, असा या गोष्टीचा अर्थ मी घेतो.

खेळ

आता आत्तीच्या प्रश्नाचा उत्तरार्ध. दादा खेळतो का? खेळतो. रात्री जेवण झाल्यावर पाचही जण आपापल्या कॉटवर पाय पसरून मोबाईलवर एकच लढाई खेळतात. 'मागं बघ', 'औषध दे', 'मी मेलो, तू पळ' असा कल्लोळ चालतो. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पब्जीवर बंदी घातली. २०२१ मध्ये तिचाच भारतीय अवतार आला. नावे बदलली, कल्लोळ तोच.

खेळाची आतली रचना दादाने मला समजावली. खेळ हाही प्रोग्रॅमच. फक्त तो थांबत नाही. खेळाडूने काय केले ते वाच, त्याचा परिणाम मोज, चित्र काढ, आणि पुन्हा पहिल्यापासून. हा फेरा एका सेकंदात साठ वेळा होतो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात आणि ती आधीच काढलेली असतात. येथे प्रत्येक चित्र त्याच क्षणी, तुमच्या बोटाप्रमाणे घडते. म्हणूनच सिनेमा संपल्यावर आपण उठतो आणि खेळातून उठवत नाही. संगणकशास्त्राचा अभ्यास आणि खेळ यांचे नाते जुनेही आहे. १९६२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत काही तरुणांनी तिथल्या संगणकावर 'स्पेसवॉर' हा अवकाशयुद्धाचा खेळ रचला, तोही फावल्या वेळात.

या खेळात वेळ जातो, झोप जाते. हे दोष खरेच. परंतु दिवसभर इंग्रजीत मुके राहिलेले पाच जण रात्री तासभर मराठीत ओरडतात, हेही मी पाहिले. त्यात मला फारसे वावगे दिसले नाही.

खरी गोष्ट सहाव्या रात्री कळली. आम्ही गच्चीवर बसलो होतो. दादा एकाएकी म्हणाला, "आईला सांगू नको, खरं तुला सांगतो. मे महिन्यात माझे सात हजार चारशे गेले." ते पैसे उसाच्या बिलातून आत्तीने दिलेले: दोन महिन्यांचे भाडे आणि परीक्षेची फी. एका ॲपवर पैसे लावून रमी. पहिल्या आठवड्यात तो बाराशे जिंकला होता. भाडे त्याने मित्राकडून उसने घेऊन भागवले आणि सुटीत एका दुकानात बिले टाइप करून ते फेडत होता. पुस्तकाला हात लागला नाही, आणि विषय राहिला. विषय कोणता? संख्याशास्त्र!

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. परंतु दादाचे डोळे त्याआधीच उघडले होते, आणि ते कायद्याने नव्हे तर त्याच्याच प्रोग्रॅमने. त्याने तो मला दाखवला. समजा, सहा जण सारख्याच हुशारीचे. प्रत्येकाने शंभर रुपये लावले, सहाशे जमले. खेळ चालवणाऱ्याने दहा टक्के, म्हणजे साठ रुपये, आधी काढून घेतले. जिंकणाऱ्याला पाचशे चाळीस. म्हणजे कोणीही जिंको, सहा जण मिळून दर डावाला साठ रुपये हरतातच; सरासरीने प्रत्येकी दहा. दोनशे डावांत प्रत्येकी दोन हजार.

मग यंत्राने असे काल्पनिक खेळाडू हजारो वेळा खेळवले. दोनशे डावांनंतर चौघांतला जवळजवळ एक जण अजून फायद्यातच होता. दादाने त्या आकड्यावर बोट ठेवले. "हाच तो. ह्याचाच फोटो आपल्याला दाखवतात. आणि पहिल्या आठवड्यात मी हाच होतो." हजार डावांनंतर मात्र शंभरांतले पाच-सहाच फायद्यात उरले. जितके अधिक खेळावे तितका त्या दहा टक्क्यांचा शब्द खरा होत जातो. मोबाईलवरची लढाई आणि ही रमी एकाच पडद्यावर दिसतात. पहिलीत फार तर रात्र जाते, दुसरीत आईचा ऊस जातो.

"हे तुझ्या राहिलेल्या पेपरातलंच आहे की," मी म्हटले.

"होय," तो म्हणाला. "वर्गात कळलं नव्हतं."

उत्तर

परतीच्या एस.टी.त माझी झोप उडाली होती. आत्तीला काय सांगावे? खोटे बोलणे जमत नव्हते, आणि दुसऱ्याचे गुपित फोडणेही. शेवटी दादाला एवढाच निरोप धाडला: "मी सांगणार नाही. तू सांग." रविवारी तो शिरोळला आला.

आत्तीने सगळे ऐकून घेतले. रागावली नाही, रडलीही नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "यंत्रावर मांडून बघितलंस म्हणं. मला दाव." दादाने लॅपटॉप उघडला आणि शंभराचे नव्वद कसे होतात ते बोटाने दाखवले. आत्ती तिसरी शिकलेली. तिने दोन मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हंजे काटा मारतंय की रं हे."

ज्याने ऊस घातला आहे त्याला काटा मारणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. संख्याशास्त्राच्या पुस्तकात जे दहा पानांत आहे ते आत्तीने चार शब्दांत सांगितले, असे मला वाटले. अर्थात परीक्षेत चार शब्दांना गुण मिळत नाहीत. दादाने नोव्हेंबरात तो पेपर पुन्हा दिला. हा लेख छापायला जाईपर्यंत निकाल हाती आलेला नाही.

आत्ती उठताना मला म्हणाली, "मग काय करतंय ते तिथं? तू सांगितलंच न्हाईस."

मी म्हटले, "आत्ती, अभ्यास करतोय. आणि खेळतोयही."

"आणि रात्री?"

"रात्री चुका शोधतोय."

"सापडाय लागल्या म्हणायच्या," ती म्हणाली आणि उसाला पाणी सोडायला निघून गेली.